तिसऱ्या शिफ्टचे आठवडे

मार्च महिन्यातला दुसरा रविवार. वेळ सकाळी साडेदहा. हजर: पप्पा (साप्ताहिक सुट्टी), मम्मी (स्वयंपाकघरातून), नरवडे मामा, वैशाली, मी. गिटार एक.

ही नोंद माझ्या नववीतल्या अक्षरात आहे आणि ती वही अजून माझ्या कपाटात आहे. नोंदी ठेवायची सवय मला लहानपणापासूनची. पुढे नर्सिंगला गेल्यावर त्याच सवयीचा पगार मिळायला लागला, एवढंच. आजही वॉर्डमध्ये ड्युटी सुरू करताना मी आधी तारीख लिहिते, मग कोण हजर, मग काय राहिलंय. हे प्रकरणही म्हणून तसंच सुरू केलं. पण त्या रविवारी आमच्या घरात जे ठरलं ते कळायला आधी घर सांगावं लागेल, आणि आमचं घर सांगायचं म्हणजे पप्पांची शिफ्ट सांगायची.

बजाजनगरात आमची एक खोली आणि त्यामागे स्वयंपाकघर होतं. पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी. मम्मी कॅलेंडरवर सण नंतर बघायची, आधी शिफ्ट बघायची. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात अंधार असतानाच कंपनीच्या बसचा हॉर्न वाजायचा आणि गल्लीतल्या सगळ्या घरांचे दिवे एकदम लागायचे. दुसऱ्या शिफ्टला पप्पा जेवून निघाले की दुपार आमची. आणि तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात घराला आवाजच नसायचा. पप्पा सकाळी आठला यायचे, कपड्यांना तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. कॅन्टीनमध्ये मिळालेला बुंदीचा लाडू डब्यात आमच्यासाठी राखलेला असायचा. येसर मसाल्याच्या आमटीत भाकरी चुरून खायचे आणि पुढच्या खोलीत जे आडवे व्हायचे ते चारपर्यंत. तोवर नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं, थेंबाचा आवाज नको म्हणून. मम्मी बारा बॅचलर कामगारांचे डबे करायची. त्या आठवड्यात ती डबे पोत्यावर ठेवून भरायची. आम्ही खुणांनी बोलायचो. शेजारच्या बायका दाराशी आल्या की तोंड उघडायच्या आधी तीन बोटं वर करून विचारायच्या. मम्मीनं मान हलवली की आल्या पावली परत जायच्या.

या घरात आठवीला वैशाली आली. ती माझी मावसबहीण. गंगापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून मावशीनं तिला आमच्याकडे ठेवली. माझ्याहून वर्षभरानं लहान, बारीक, कामाला चपळ आणि बोलायला कमी. आली त्याच आठवड्यात तिनं मम्मीच्या हातातलं पीठ घेऊन भाकरी थापायला सुरुवात केली. मम्मी शेजारणीला म्हणाली, "ह्या पोरीच्या हाताला सांगावं लागत नाय." माझ्या हाताला सांगावं लागायचं. सांगूनही माझी भाकरी एका बाजूला जाड व्हायची. ते वाक्य मम्मीनं सहज म्हटलं असेल, पण मी ते मोजायला लागले. कुणाला आधी वाढलं, कुणाच्या केसांना तेल लावताना मम्मी जास्त वेळ बसली, पप्पांनी लाडू मोडताना मोठा तुकडा कुठल्या हातावर ठेवला. एकुलती एक होते, तोवर मला मोजायची गरज पडली नव्हती.

गिटार आली ती दिवाळीनंतर. नरवडे मामा मम्मीच्या गावचे, म्हणून मामा. पप्पांच्याच कंपनीत पेंट शॉपला होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांनी शहागंजातून नवी गिटार घेतली आणि जुनी आमच्या घरी आणून ठेवली, "दोघींना मिळून" असं सांगून. तिच्या तिसऱ्या तारेची खुंटी तुटलेली होती, ती पकडीनं फिरवावी लागायची. मामा रविवारी यायचे, अर्धा तास शिकवायचे, चहा पिऊन जायचे. सी, जी, ए मायनर आणि एफ. चार कॉर्ड शिकवून म्हणाले, "एवढ्या चारवर चौदा एप्रिलची अख्खी जयंती निघंल. फक्त बोटं वेळेवर बदलली पाहिजेत, बाकी काय नाय."

कारभार मी हातात घेतला. वहीत रकाने आखले: तारीख, सुजाता, वैशाली, शेरा. शाळा सकाळची, म्हणून दुपारी एक ते दोन माझा तास, दोन ते तीन तिचा. पूर्ण तास झाला तर बरोबरची खूण, कमी झाला तर "अर्धा", झालाच नाही तर "नागा". तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात पप्पा झोपलेले, म्हणून दोघींच्या रकान्यांवर आडवी रेघ आणि शेऱ्यात "बंद". पप्पांना ती वही फार आवडली. कारखान्यात त्यांची सगळी किंमत हजेरीवरून आणि किती नग काढले त्यावरून ठरायची. घरातही कुणीतरी रजिस्टर ठेवतंय म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वही दाखवायचे.

माझा तास मी घड्याळ समोर ठेवून करायचे. जयंतीतलं एक गाणं मामांनी बसवायला दिलं होतं. ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचे, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. तासात दहा-अकरा वेळा व्हायचं. अंतऱ्यात ए मायनरवरून एफवर जाताना बोटं अडकायची, मी तशीच पुढे ढकलायचे आणि पुढच्या फेरीला पुन्हा तिथंच अडकायचे. दोन महिने मी तीच चूक रोज दहा वेळा पक्की केली आणि त्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या. आता नवीन पोरी वॉर्डात सलाइन लावायला शिकतात तेव्हा मी त्यांना पूर्ण क्रिया परत परत करू देत नाही. जिथं हात थरथरतो तेवढाच टप्पा काढून करायला लावते, सावकाश, आणि तीनदा नीट झाला की थांबवते. पोरी म्हणतात, सिस्टरची पद्धत आहे. मी दुरुस्त करत नाही.

वैशाली तिच्या तासात दहा मिनिटं बसायची. मग उठायची, मम्मीला कांदा चिरून द्यायची, परत येऊन दहा मिनिटं बसायची. गाणं तर वाजवायचीच नाही. दोनच कॉर्ड धरायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे, इतकं हळू की ऐकणाऱ्याला जांभई यावी. चुकलं की थांबायची. बोटं उचलून हवेत धरायची, त्यांच्याकडे बघायची आणि परत ठेवायची. आणि सगळ्यात मला न पटणारी गोष्ट म्हणजे, नीट जमायला लागलं की ती गिटार ठेवून द्यायची.

"आता कुठं जमायलंय, अन् उठलीस?" मी विचारलं होतं.

"जमलेलं घेऊन उठावं म्हणलं," ती म्हणाली. "उद्या बसले की तेच आठवतं मग."

मी तिच्या रकान्यात "अर्धा" लिहिलं.

जानेवारी संपता संपता माझ्या लक्षात आलं की पप्पांचा तिसऱ्या शिफ्टचा आठवडा गेला की तिची गिटार सुधारलेली असते. माझी बोटं सात दिवसांत मऊ पडायची, सोमवारी तारा टोचायच्या. तिची जिथं सोडली त्याच्या पुढे असायची. मी याचा हिशेब लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. पोटात मात्र दुखायला लागलं. देवाघरची देणगी म्हणतात ती हिला मिळाली आणि मला रकाने मिळाले, असं मनाशी ठरवून टाकलं.

फेब्रुवारीतला तिसऱ्या शिफ्टचा आठवडा. मी दुपारी चार डबे सायकलवरून पोचवून परत आले. पुढच्या खोलीतून चपला हातात घेऊन, पप्पांच्या पायथ्याकडून स्वयंपाकघरात गेले. मम्मी परातीखाली दुमडलेलं फडकं घालून भाकरी थापत होती. पिठाच्या डब्याला टेकून वैशाली बसली होती, मांडीवर गिटार. तारांच्या खाली, मागच्या बाजूला, पप्पांचा जुना टॉवेल घडी करून खुपसलेला. उजवा हात नुसता तारांवर ठेवलेला होता, हलत नव्हता. डावा हात सीवरून जीवर, जीवरून सीवर. आवाज शून्य. मम्मीचा हात परातीत फिरत होता आणि त्याच तालावर हिची बोटं बदलत होती. मम्मीनं भाकरी उचलून तव्यावर टाकली आणि वैशाली अगदी हळू म्हणाली, "बावीस."

मम्मीनं भुवया वर करून कौतुक केलं. मग तिनं नवीन गोळा घेतला आणि वैशालीनं बोटं पहिल्या जागेवर आणली. दोघींनाही मी दारात उभी असल्याचं कळलं नव्हतं.

"काय बावीस?" मी कुजबुजले.

वैशाली दचकली. "ताई, मी आवाज नाय काढायले," ती आधी म्हणाली. मग टॉवेल दाखवला. "मावशीची एक भाकर थापून तव्यावर पडेस्तोवर बोटं किती वेळा बदलतात ते बघायले. सोमवारी चौदा व्हायले होते."

"रोज करतीस?"

"व्हय. पहिल्या चार भाकरीला करते. मग मध्यात चार सोडते. मग शेवटच्या चारला."

"सांगितलं का नाहीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "तू डबे द्यायला जातीस ना तवा," ती म्हणाली. "बस की तू पण. टॉवेल हाय."

मम्मी तव्यावरची भाकरी फिरवत हळूच म्हणाली, "बस सुजा. बघ तरी, भारी हाय ह्या पोरीचं डोकं."

मी बसले असते तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. मम्मी ते शेवटचं वाक्य बोलली नसती तर कदाचित बसलेही असते. मी पुढच्या खोलीत गेले, पप्पांच्या उशाशी ठेवलेली वही घेतली आणि पहिल्या पानावर, जिथं नियम लिहिले होते, तिथं पाचवा नियम लिहिला: आवाज न काढता केलेला सराव धरला जाणार नाही. खाली माझी सही. वैशालीला दाखवलं. तिनं वाचलं आणि "बरं ताई" म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती परत पिठाच्या डब्याला टेकून बसली. तिला नोंदीशी काही घेणंदेणं नव्हतं. मी मात्र त्या आठवड्याच्या माझ्या रकान्यातली आडवी रेघ आणि शेऱ्यातलं "बंद" खोडलं आणि माझ्या रकान्यात "थिअरी, एक तास" लिहायला लागले. कॉर्डांची चित्रं वहीत काढायची, ती माझी थिअरी. तिच्या रकान्यावरची रेघ तशीच राहू दिली. मागच्या दोन महिन्यांतल्या बंद आठवड्यांनाही मी तोच न्याय लावला. माझ्याकडे "थिअरी", तिच्याकडे रेघ.

आता तो मार्चचा रविवार. मम्मीनं पोहे केले होते, वर शेंगदाणे आणि लिंबू. नरवडे मामा भिंतीला टेकून बसले, पप्पा दाराजवळ. मामांनी बशी संपवली, हात पुसला आणि म्हणाले, "हे बघा पोरींनो. जयंतीला मला जालन्याला जावं लागंल, आर्केस्ट्रा आधीच बुक हाय. अन् इथं साळवेची गायन पार्टी गिटार पाहिजेच म्हणायलीय. म्हणून तुम्हा दोघींतली एक बसंल. जी बसंल तिच्याकडं ही गिटार राहील, कायमची. एका गिटारीला दोन धनी नाय चालत. तारा एका हाताची सवय धरतेत."

त्या क्षणी मला काय हवं होतं हे मी अजून विसरलेले नाही. स्टेज हवं होतं, गिटार हवी होती, पण त्याहून जास्त, मम्मीनं दारात उभं राहून माझ्याकडे तसं बघायला हवं होतं, भुवया वर करून.

मी आधी वाजवलं. वेगात, पूर्ण गाणं, अंतऱ्यात अडकून पुढे ढकललेलं. मग वैशाली बसली. तिनं हळू वाजवलं, पार्टीच्या चालीपेक्षा बरंच हळू, पण एकही कॉर्ड अर्धी पडली नाही. ए मायनरवरून एफवर तिची बोटं एकाच वेळी उतरली. मामांनी डोळे मिटले होते ते उघडले.

"अवघड काम दिलं राव तुम्ही," ते पप्पांना म्हणाले. "हिचा वेग हाय, हिची सफाई हाय. वेग महिन्याभरात येतो. पण प्रॅक्टिसला रोज यावं लागंल. साळवे लई कडक माणूस. एक दिवस दांडी मारली की दुसऱ्याला बसवतो."

"मग हजेरी बघा ना," पप्पा म्हणाले. "आमच्याकडं रजिस्टर हाय." आणि त्यांनी अभिमानानं वही मामांच्या हातात दिली.

मामांनी पानं उलटली. बोट वरून खाली फिरवत मोठ्यानं वाचलं, "सुजाता, एक तास, एक तास, एक तास. थिअरी. एक तास. वैशाली, अर्धा, अर्धा, अर्धा, नागा, अर्धा." मग रेघेच्या आठवड्यावर बोट थांबलं. "ह्या आठवड्यात काय झालं गं बाई? सातही दिवस काहीच नाय केलं?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनं नाही. शाळेत बाईंनी विचारल्यावर उत्तर नेमकं काय द्यायचं असतं हे शेजारणीला डोळ्यांनी विचारतात, तसं. स्वयंपाकघरात मम्मीचा कुकर होता, तिला हा प्रश्न ऐकू गेला की नाही मला माहीत नाही. मी वहीकडे बघत राहिले.

"आवाज नव्हता काढला," वैशाली म्हणाली.

"म्हंजे नाय केलं."

पप्पा तिच्या बाजूनं बोलायचं म्हणून म्हणाले, "लहान हाय अजून. शिकंल. डोकं तेज हाय, पण नेम नाय. नेम पाहिजे बाळा."

"व्हय काका," ती म्हणाली.

मामांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मी वहीत त्या दिवसाची नोंद पूर्ण केली. निवड: सुजाता.

जयंतीच्या संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात स्टेज होतं, निळ्या पताका, खाली सतरंज्या. मम्मीनं मला पांढरी साडी नेसवली होती आणि गिटारचा पट्टा पदरावर बसत नाही म्हणून तीन पिना लावल्या होत्या. बाजूला ढोलकी, पलीकडे हार्मोनियम, मध्ये साळवे दादा माइकवर. पहिलं गाणं निभावलं. दुसरं माझं नेहमीचं, मी पाचशे वेळा तरी वाजवलेलं. दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यात एक माणूस नोट घेऊन स्टेजवर चढला. आमच्याकडच्या कार्यक्रमात हे चालायचंच; कुणाला ओळ आवडली की तो वर येतो, बक्षीस देतो, गायक गाणं थांबवून त्याचं नाव घेतो, ढोलकी बारीक चालू राहते आणि मग गायक जिथून सोडलं तिथूनच उचलतो. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं. गिटार घेऊन बसल्यावर ते माझ्याही वाट्याला येईल हे डोक्यातच आलं नव्हतं. साळवे दादांनी नाव घेतलं, कुटुंबाला धन्यवाद दिले आणि ओळीच्या मध्यातून सुरुवात केली. माझी बोटं कुठं जायचं ते विसरली. मला गाणं फक्त पहिल्यापासून यायचं. मध्यातून त्यात शिरायचं दार मला माहीतच नव्हतं.

मी तारा न दाबता उजवा हात हलवत राहिले. ढोलकीच्या आवाजात कुणाला कळलं नाही. साळवे दादांनी एकदा तिरकं पाहिलं. मी समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत मम्मीच्या शेजारी वैशाली बसलेली. तिचा डावा हात गुडघ्यावर उताणा होता आणि बोटं बदलत होती. पसरलेली तीन बोटं, जी. मग जवळ आलेली, ए मायनर. मग पहिलं बोट आडवं, एफ. बरोबर साळवे दादांच्या ओळीवर. मी तिच्या गुडघ्याकडे बघत दोन कॉर्ड सोडल्या, तिसरी पकडली आणि परत गाण्यात आले. पुढचा सगळा अंतरा मी तिच्या हाताकडे बघून वाजवला.

ती मला दाखवत होती की तिच्यापुरती वाजवत होती, हे मी कधी विचारलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल की मला त्या वेळी भरून आलं. तसं झालं नाही. मला राग आला. चार महिने जिला दहा मिनिटांच्या वर बसता आलं नाही, तिला गाणं मध्यातून येत होतं आणि ती ते सतरंजीवर बसून, गिटारीशिवाय वाजवत होती. साळवे दादांनी शेवटी माइकवरून माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, मम्मीनं डोळे पुसले. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि खाली उतरले तर वैशाली पिना काढायला हात पुढे करून उभी.

"ताई, मस्त झालं," ती म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं.

गिटार माझ्याकडे राहिली. मी वैशालीला हात लावू नको असं कधी म्हणाले नाही, तशी वेळच आली नाही; तिनं परत ती उचलली नाही. तिसऱ्या शिफ्टच्या दुपारी ती मम्मीबरोबर नुसत्या भाकरी करायला लागली. दहावीपर्यंत ती आमच्याकडे होती, मग बारावी करून डी.एड. केलं. आता गंगापूरला शिक्षिका आहे. मी बारावीनंतर नर्सिंगला गेले आणि गिटार कपाटावर गेली. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. तीन वर्षांत मी एफ नीट धरायला शिकले नव्हते.

या मे महिन्यात वैशालीची मुलगी प्राची सुट्टीला माझ्याकडे आली. अकरावीत आहे, मोबाइलवर बघून गिटार शिकते आणि स्वतःची गिटार घेऊन आली होती. पहिल्या दिवशी तिनं वाजवून दाखवलं. डावा हात अगदी तिच्या आईचा, बोटं सगळी एकदम उतरणारी. माझं वय पन्नाशीकडे झुकलेलं, पदरी दोन मोठी मुलं, चांगली नोकरी, आणि सोळा वर्षांच्या पोरीच्या मनगटाकडे बघून पोटात तसंच दुखलं. मला वाटलं होतं ते गेलं असेल.

"मावशी, मम्मी सांगते तू रोज तास-तास करायचीस," प्राची म्हणाली. "ती म्हणते, माझा नेमच नव्हता, मी नागा मारायचे, म्हणून माझं राहिलं. मला पण ती हेच ऐकवते. सुजामावशीसारखी चिकाटी पाहिजे म्हणते."

"असं म्हणते ती?"

"कायम. शाळेतल्या पोरांना पण सांगते ना."

मी उठून चहा टाकला. पुढच्या दोन आठवड्यांत मी प्राचीला शिकवलं, म्हणजे बसायचं कसं ते. दोनच कॉर्ड घे, बाकी गाणं सोड. चुकलं तिथं थांब, एक कॉर्ड मागून उचल, पहिल्यापासून नको. दहा मिनिटं, मग उठ, मग परत दहा. घरात कुणी झोपलं असेल तर तारांखाली कापड घाल आणि नुसता डावा हात कर. जमलं की ठेवून दे. पोरगी हुशार, लगेच फरक पडला. मीही तिच्याबरोबर बसायला लागले, आणि खरं सांगायचं तर एफ तेव्हा पहिल्यांदा वाजला.

"भारी आहे हे," ती म्हणाली. "हे तुझं तू शोधलंस?"

"आमच्या घरातच असं करायचे," मी म्हणाले. खोटं नव्हतं. वहीतही मी कधी खोटं लिहिलं नव्हतं.

रविवारी तिला सोडायला गंगापूरला गेले. वैशालीनं येसरची आमटी केली होती, मम्मीच्या हाताची चव. प्राचीनं जेवणाआधी गिटार काढून वाजवलं. वैशाली परातीशी बसून ऐकत होती, हात पिठात. संपल्यावर म्हणाली, "बघ, ताईजवळ राहिली तर कसा नेम लागला. माझ्यात तेवढी चिकाटी नव्हती गं. नरवडे मामांनी वाचून दाखवलं होतं सगळ्यांपुढं, मला अजून आठवतंय. अर्धा, अर्धा, नागा." आणि ती हसली, स्वतःवर, सवयीनं.

मी मानेनं काहीतरी केलं. तिनं विचारलं, "ताई, अजून एक टाकू का?" मी नको म्हणाले, तरी तिनं टाकली. आम्ही पावसापाण्याचं, बदल्यांचं, मम्मीच्या गुडघ्यांचं बोललो. निघताना तिनं येसरची पुडी दिली. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली आणि वाळूज येईपर्यंत मी मनातल्या मनात वाक्य तीनदा तयार केलं, चुकलं तिथं थांबून.

घरी येऊन डायरी उघडली. त्या दिवशीची चार कामं होती. प्राचीला सोडणं, झालं. मम्मीची औषधं, झालं. सोमवारचा ड्युटी चार्ट, झाला. चौथं: वैशालीला सांगणं, की तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यांत ती एक दिवसही चुकली नव्हती आणि ते मला माहीत होतं. त्याच्यापुढे मी पुढच्या रविवारची तारीख टाकली. अशा दोन तारखा तिथं आधीच खोडलेल्या आहेत.